भागम्मा जराशी पडली

खजुरी,
१६ ऑगस्ट २०११

चि. प्रतीक्षा,

या पत्राचा पहिला परिच्छेद ही रीतसर तक्रार समजावी. तू जाताना भिंतीवर चिकटवलेल्या सूचनापत्रातले चौथे कलम असे की, भागम्माला पाणी ठेवायचे ते थंड पेयाच्या बाटलीच्या झाकणात; वाटीत नाही, कारण वाटीत ती बुडेल. मी जन्मात ते पेय प्यायलेलो नाही. त्यामुळे जुने झाकण गंजले तेव्हा, बावीस वर्षे संस्कृतची विभक्तिरूपे शिकवणारा हा गृहस्थ खजुरीच्या थांब्यावर, पानटपरीपुढे उकिडवा बसून झाकणे निवडत होता. त्यातले एक उन्हाकडे धरून बघत असताना मागून हेडमास्तर आले.

"काय हरवलं सर?"

"भागम्माचं पात्र," मी म्हणालो.

ते बिचारे मान खाली घालून पुढे गेले. दुसऱ्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत सगळे हळू आवाजात विचारतात, "भागम्मा कशा आहेत? अंथरुणावर आहेत का?" मी म्हणतो, "असतात कोपऱ्यात बसून." हे खोटे नाही. पण आठवड्याला एक नाकतोडा खातात, हे सांगायची वेळ निघून गेली आहे. या मानहानीला जबाबदार कोण? तळहाताएवढ्या केसाळ कोळिणीला माझ्या सख्ख्या आत्याचे नाव देणारी व्यक्ती.

अर्थात नाव चुकले असे मी म्हणणार नाही. आमची भागम्मा आत्याही दिवसदिवस कोपऱ्यातून हलत नसे आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

अरुणाचलातल्या तुझ्या कोळ्यांच्या अभ्यासाच्या कॅम्पवर फोन पोचत नाही आणि टपाल आठवड्याने जाते, हे माझ्या पथ्यावर पडले आहे. फोन असता तरी तू जूनपासून माझ्याशी चार शब्द बोलली नसतीस. पत्र वाचणाऱ्याला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसते. जाताना तू घातलेल्या दोन अटी मला तोंडपाठ आहेत. भागम्माची पेटी जमिनीवरून उचलून उंच ठेवायची नाही. आणि तुझ्या माघारी तुझ्यासाठी स्थळ बघायचे नाही. एक मोडली तरी डिसेंबरात भागम्माला घेऊन जाशील आणि पुन्हा येणार नाहीस, असे तू म्हणाली होतीस. शांतपणे म्हणाली होतीस, म्हणून लक्षात राहिले.

सर्व कुशल. तुझी आई बरी. तुझ्या आजाचा, मुत्त्याचा, खोकला गेला.

जाता जाता, भागम्मा रविवारी जराशी पडली. स्वातंत्र्यदिनाची साफसफाई चालली होती, त्या गडबडीत पेटी कलंडली. एक पाय गेला. उरलेले सात शाबूत आहेत, म्हणजे आता ती सप्तपदीला योग्य झाली. काळजी नसावी.

तुझा,
अण्णा

---

२४ ऑगस्ट

चि. प्रतीक्षा,

मागच्या पत्रात मी 'जराशी' हा शब्द वापरला. तो क्रियाविशेषण म्हणून कमी पडतो.

तिच्या पोटाला चीर गेली होती. नखाच्या पांढऱ्या कडेएवढी, पण तीतून दुधाळ, किंचित निळसर पाणी झिरपत होते. मला आधी ते काय आहे हेच कळेना. मग तू एकदा सांगितलेले आठवले, की कोळ्याचे रक्त लाल नसते. तेव्हा मी थट्टा केली होती. आता ते फरशीवर थेंब थेंब पडलेले पाहिले.

तुझी आई म्हणाली, "हळद आनू का?"

मी म्हणालो, "आण." आपल्याकडे कापले, भाजले, मेंढीला काटा रुतला, सगळ्याला हळदच. ती मूठभर घेऊन आलीसुद्धा. तेवढ्यात मुत्त्या आत आला. त्याने वाकून पाहिले आणि तिचा हात धरला.

"हळद नगं. झोंबंल तिला. जरा चाळलेलं पीठ आन."

"पिठानं काय व्हतंय अप्पा?" मी विचारले.

"मेंढरू कातरताना कातडं निघालं तर काय करताव आपुन? पीठ दाबताव. रगत बसतंय, माशी बसत न्हाई. हिला बी केस हायतच की."

मग तुझा ब्याऐंशी वर्षांचा आजा, डोळ्यांवर माझा चष्मा चढवून, कोंबडीच्या पिसाच्या टोकाने तिच्या पोटावर ज्वारीचे पीठ टाकत बसला. हात लावला नाही. एकदा टाकायचे, थांबायचे, ओले झाले की पुन्हा. मेंढी कातरताना तो जीभ दातात धरतो, तशीच धरली होती. अर्ध्या तासाने पीठ ओले व्हायचे थांबले. त्याच्या कपाळावरून घाम चष्म्यावर ओघळत होता. आणि मी, ज्याच्यावर तू तिला सोपवले होते तो मी, भिंतीला टेकून उभा होतो.

आता पेटी पुन्हा जमिनीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात आहे. खायला काही देत नाही, कारण जिवंत नाकतोड्याने तिला लाथ मारली तर? पाणी रोज बदलतो. झाकण तेच, थांब्यावरचे.

नवलाची गोष्ट म्हणजे तुझी आई. दोन महिने ती त्या खोलीच्या उंबऱ्याला शिवली नव्हती. आता सकाळी चहाच्या आधी जाऊन बघते.

"हललीय का?" मी विचारतो.

"तिला हलून कुठं जायाचंय? जित्ती हाय. तुमच्याकडं बघायलीय."

"आठ डोळ्यांनी?"

"दोन पुरं हायत तुमच्यासाठी," ती म्हणाली.

मी मुत्त्याला सांगितले की संस्कृतात कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात, म्हणजे ज्याच्या बेंबीत लोकर आहे तो. मुत्त्या म्हणाला, "मग आपल्यातलीच म्हन की."

कळव, पीठ काढायचे की राहू द्यायचे.

तुझा,
अण्णा

---

१३ सप्टेंबर

चि. प्रतीक्षा,

तुझे पत्र आज मिळाले. चार ओळींचे पत्र बारा दिवस प्रवास करून आले. पहिल्या दोन ओळींत पीठ तसेच राहू द्यावे, मुत्त्याला नमस्कार सांगावा, असे आहे. पुढच्या दोन मी पाठ केल्या आहेत:

'पेटी जमिनीवर होती. जमिनीवरची पेटी कलंडून पोट फुटत नाही. किती उंचीवरून पडली?'

मी वर्गात पोरांना सांगतो की प्रश्न विचारावा तर असा, ज्याला एकच उत्तर असते. तू माझी विद्यार्थिनी कधीच नव्हतीस, ही वर्गाची हानी.

पाच हात. माळ्यावरून.

आता माळ्यावर का, हे सांगणे आले. चिटगुप्प्याचे माणिकराव, त्यांच्या पत्नी आणि मेहुणे घर बघायला आले होते. हैदराबादेत संगणकावर काम करणारा मुलगा आहे. मुलगी नंतर बघू, आधी घर बघू, ही आपल्यातली जुनी रीत तुला माहीत आहे. फोटो मी दिला होता, जुलैत. तो तुझा पदवीचा नाही, मावशीच्या लग्नातला, पैठणीतला.

दुसरी अट मोडली ती अशी, पहिली मोडायच्याही महिनाभर आधी.

पाहुणे यायच्या दिवशी मी घर आवरले. प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या शाळेतून आणल्या. भिंतीवरचे तुझे सूचनापत्र काढून पुस्तकात ठेवले. दारात टांगलेली मुत्त्याची काठी परसात नेली. त्याचे घोंगडे रोज ओसरीवर पडलेले असते, वास येतो त्याला, तेही उचलले. मग भागम्माची पेटी. ती कुठे ठेवावी? गोठ्यात कुत्रे, स्वयंपाकघरात तुझी आई ठेवू देईना. "तिला कामून हलवायलाव? पोरीनं सांगितलंय न्हवं?" एवढेच ती म्हणाली. मी पेटी घोंगड्यात गुंडाळली आणि शिडीवर चढून माळ्यावर सरकवली. ज्या दोन वस्तू पाहुण्यांना दिसायला नको होत्या त्या एकाच गाठोड्यात बसल्या, याचे मला त्या वेळी कौतुकच वाटले.

मुत्त्याला मी सांगितले, की आज मेंढरे लांबच्या शिवारात नेली तर बरे. "व्हय," म्हणाला. तेवढेच.

पाहुणे आले. माणिकराव ट्रॅक्टरचे दुकान चालवतात, हातात दोन अंगठ्या. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले, हलले, पुन्हा हलले. मग म्हणाले, "सर, ह्या खुर्चीत मांडी घालता येत न्हाई बघा. घोंगडं टाका की खाली."

मी म्हणालो, "घोंगडं... आता वापरत नाही फारसं."

"वापरत न्हाई? मग धनगराच्या घरात आलो म्हनायचं कशावरून? माझ्या दुकानात बी गल्ल्यामागं घोंगडंच हाय. सोयरीक बोलायची तर घोंगड्यावर बसूनच बोलायची. आमचे वडील तसंच करायचे."

त्यांच्या पत्नी हसल्या. मेहुणे म्हणाले, "मास्तर शिकल्यालं हायत. त्यांस्नी टोचत असंल." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याच्या भरात उठलो, शिडी न लावताच खुर्चीवर उभा राहिलो आणि माळ्यावरून लोंबणारा घोंगड्याचा पदर धरून जोरात ओढला.

आत काय आहे ते त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ गेले होते. हा खुलासा आहे, सफाई नाही.

पेटी खुर्चीच्या पाठीवर आपटून उघडली. पुढे बरीच गडबड झाली. पाहुणे चहा न घेता गेले. स्थळ मोडले, त्याबद्दल तुला दुःख होणार नाही असे धरून चालतो.

मुत्त्या लांब गेलाच नव्हता. मागे लिंबाखाली मेंढरे बसवून बसला होता. मी विचारले तर म्हणाला, "म्हनलं, पाव्हनं गेल्यावर यावं."

तुझा,
अण्णा

---

३ ऑक्टोबर

चि. प्रतीक्षा,

तू या पत्राला उत्तर देऊ नयेस. देण्यासारखे काही उरलेले नाही.

भागम्मा गेली. आज सकाळी पाहिले तर पाठीवर उताणी पडली होती, पोट वर. गेला आठवडाभर तिने पाण्याकडेही पाहिले नव्हते. रंग काळवंडला होता, पोटावरचे केस गळले होते. मी रोज स्वतःला सांगत होतो की रुसली आहे.

मी शाळेतून रजा घेतली. कारण लिहिले: घरात आजारपण. हेडमास्तरांनी खांद्यावर हात ठेवला. "भागम्मा?" मी मान हलवली. ते म्हणाले, "वय झालं होतं, सर." डोळे भरून आले, आणि तेही त्या भल्या माणसाच्या गैरसमजाच्या आश्रयाने, याची लाज वाटली.

मागच्या पत्रात 'पुढे बरीच गडबड झाली' असे लिहून मी पुढे गेलो. आता ती मेलीच आहे तर ती गडबड सांगतो.

ती फरशीवर पडली होती, एक पाय बाजूला तुटून पडलेला. पाहुण्यांच्या बाई खुर्चीवर चढल्या. माणिकरावांनी विचारले, "हे काय पाळलंय का काय तुमी?"

मी म्हणालो, "छे. आमचं नाही. माळ्यावर रानातून आलं असेल."

"आन ही काचंची पेटी?"

"भाडेकरूची," मी म्हणालो.

आपल्या घरात कधी भाडेकरू होता का? एवढ्या चटकन एवढे सबंध खोटे माझ्या तोंडून कसे आले, याचे आश्चर्य मला वाटायला हवे होते. वाटले नाही, कारण ते पहिल्यांदा नव्हते. मी अकरा वर्षांचा असताना गुलबर्ग्याच्या मठाच्या वसतिगृहात राहत होतो. मुत्त्या मला भेटायला खजुरीहून चालत आला. खांद्यावर घोंगडे, हातात खव्याचा डबा. मुलांनी विचारले, "कोण रे?" मी म्हणालो, "आमच्याकडचा गडी." मुत्त्या चार हातांवर उभा होता. त्याने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुझ्या बापानं पाठवलंय." त्यानंतर चाळीस वर्षे झाली. त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मलाही नाही.

आता मी परसात लिंबाखाली तिच्यासाठी खड्डा करायला जातो. बाकी पुढे.

(दुपारी.) खड्डा झाला. पेटी न्यायला आलो तर मुत्त्या पेटीपुढे बसला होता.

"कुठं नेतूस?"

"अप्पा, ती मेली."

"कुनी सांगितलं? मेल्याल्या किड्याचे पाय आत मुडपतेत. शेतात बघत न्हाईस का? हिचे पसरल्यात. निजल्यावानी."

"उताणी पडली आहे."

"मग? मेंढी विताना आडवी पडती, तिला पुरतूस का?"

मी पुढे होऊन काडीने तिला सरळ करावे म्हणून हात घातला. मुत्त्याने माझ्या मनगटावर फटका मारला. अकरा वर्षांचा असताना मारायला हवा होता, तो.

"हात लावू नगस," तो म्हणाला. "ज्याचं त्याला करू दी."

तुझी आई पेटीवर जुने लुगडे टाकून तिथेच तांदूळ निवडत बसली आहे. पत्र मी पाकिटात घालत नाही. वाट बघतो.

---

५ ऑक्टोबर

चि. प्रतीक्षा,

हे आणि परवाचे पत्र एकाच पाकिटात येत आहे, म्हणून आधी वाचलेस त्यावर विश्वास ठेवू नकोस.

काल सकाळी आईने लुगडे उचलले आणि मला हाक मारली. "अहो, हितं दोन हायत."

एक भागम्मा भुसभुशीत, ओलसर, मखमलीच्या नव्या तुकड्यासारखी बसलेली. शेजारी दुसरी भागम्मा, पोकळ, हलकी, सात पायांचा अंगरखा. त्या अंगरख्याच्या पोटावर मुत्त्याचे पीठ अजून चिकटलेले होते. नवीवर चीर नव्हती. गेलेल्या पायाच्या जागी काडीएवढा, फिकट, तोकडा पाय आला आहे. तो ती अजून टेकवत नाही.

मुत्त्या म्हणाला, "बघ, कात टाकली." एवढेच, आणि मेंढरांकडे गेला. जाताना घोंगडे खांद्यावर टाकायला मी त्याला उचलून दिले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. वसतिगृहात त्याला 'गडी' म्हणालो, त्याची माफी आता मागायची, हे मी ठरवले आहे. तुला आधी सांगतो कारण तू लांब आहेस.

पोकळ अंगरखा मी शाळेत नेला. नववीच्या वर्गात टेबलावर ठेवला आणि सांगितले, हा माझ्या मुलीचा कोळी आहे; ती त्यांचा अभ्यास करते. पोरे पुढे सरकली. दाराशी हेडमास्तर उभे होते. "म्हणजे भागम्मा..." "होय सर," मी म्हणालो. ते आत येऊन अंगरख्यावर वाकले. मग म्हणाले, "वय झालं होतं असं मी म्हणालो होतो ते मागे घेतो." एक पोरगी म्हणाली, कडगंचीला विद्यापीठ होतंय, तिथं हे शिकवतील का? मी म्हणालो, शिकवायला माणूस पाहिजे. यात कसलाही सूचक अर्थ नाही. आहे, पण दुर्लक्ष कर.

माणिकरावांना मी गेल्या महिन्यातच पत्र घातले होते. लिहिले, की भाडेकरू नव्हता. ती पेटी माझ्या मुलीची, ती माझ्या घरात तिच्या हक्काने होती, आणि फोटो तिला न विचारता दिला होता, तो परत पाठवावा. त्यांचे पोस्टकार्ड आले: 'फोटो पाठवतो. तुमच्या वडलांना घोंगड्यावर बसवून चहा पाजला असता तर हे सगळं टळलं असतं.' मला हे गृहस्थ आवडू लागले आहेत, पण घाबरू नकोस, पुढे काही करणार नाही.

तेव्हा भागम्मा जगली. डिसेंबरात तू येशील आणि तिला घेऊन जाशील, तसे ठरलेच होते. मी अडवणार नाही. पेटी जमिनीवर आहे, झाकणात पाणी आहे, सूचनापत्र पुन्हा भिंतीवर लावले आहे.

पण तू विचारलेस ते फक्त उंचीचे. त्यापुढचे तू विचारले नाहीस आणि मी दोन पत्रांत सांगितले नाही.

'आमचं नाही' म्हटल्यावर माणिकरावांचे मेहुणे म्हणाले, "मग मारा की, बघताव काय?" मी दाराशी गेलो, चप्पल घेतली आणि परत आलो. ती तिथेच होती, सात पायांवर, पळतही नव्हती. मी चप्पल वर उचलली. तेव्हा तुझ्या आईने परात पालथी घातली तिच्यावर, आणि म्हणाली, "लेकीचं हाय ते. आमच्या लेकीचं हाय." पाहुण्यांसमोर तिने मान वर करून काही बोलण्याची ती पहिली वेळ.

मी चप्पल खाली ठेवली. सगळे म्हणतात, मी मारणारच नव्हतो, नुसती उचलली होती. ऐकल्यावर मुत्त्याही तेच म्हणतो. तुझी आई काहीच म्हणत नाही.

भागम्माची काळजी आता मला नाही. तू येशील की नाही याचीही नाही, ते तुझ्याकडे आहे. काळजी ही आहे, की परात पडली नसती तर माझा हात खाली आला असता की नाही, हे मला माहीत नाही.

अण्णा